घरचा लाँच मॉनिटर, एक वर्षानंतर: मशीन झकास, पण लेव्हलच्या हिरव्या टिकवर विसंबू नका

वर्ष होऊन गेलं घरी लाँच मॉनिटर, म्हणजे मारलेला गोल्फचा चेंडू कसा निघाला ते मोजणारं मशीन आणून, जवळजवळ रोज वापरतोय, त्यामुळे आता जे काय आहे ते नीट लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण माझी तक्रार ह्या एका मशीनपुरती नाही आणि जे शिकलो ते बाजूला ठेवायच्या कॅमेरावाल्या सगळ्याच मशीनना लागू पडतं. माझं मशीन त्याच जातीचं. चेंडूच्या पलीकडे, खेळणाऱ्याच्या समोर, दीड-दोन फुटांवर खाली बसतं, चेंडू निघाला की पटापट फोटो काढतं आणि त्यावरून वेग, लाँच अँगल (चेंडू किती चढा निघाला तो कोन), दिशा, स्पिन (चेंडूचं स्वतःभोवती फिरणं) सगळं काढतं. चेंडू खरा तर तीन मीटरवर पडद्याला आपटून खाली पडतो, पुढचे दीडशे-दोनशे यार्ड जे दिसतात ते निव्वळ गणित. म्हणजे पहिल्या हातभर अंतरात मशीनने जे बघितलं त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा, आणि मशीन जर जरा कलतं बसलेलं असेल तर तो डोलाराही तेवढाच कलता.

आधी चांगलं सांगतो, कारण ते भरपूर आहे. चेंडूचा वेग हे मशीन फार नीट पकडतं. सेव्हन आयर्न ह्या मधल्या अंतराच्या क्लबचे, म्हणजे काठीचे, दहा शॉट सारखे मारले तर आकडेही एकमेकांना धरून येतात, आणि स्मॅश फॅक्टर म्हणजे चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग, तोही पटण्यासारखा येतो. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, १.५ च्या आसपास तो अडतो, सेव्हन आयर्नला अगदी छान लागला तर १.३३ च्या जवळ, वेजला, म्हणजे जवळचं पण उंच मारायच्या क्लबला, त्याहून कमी. कुठल्याही मशीनची ही पहिली चाळणी समजा, ड्रायव्हरला १.६ दिसायला लागला तर आनंद मानू नका, क्लबचा वेग चुकीचा वाचला जातोय. स्पिनचंही तसंच, क्लबचा नंबर गुणिले हजार, मिनिटाला तेवढे फेरे, हा ढोबळ हिशोब, सेव्हन आयर्नला सात हजाराच्या आजूबाजूला आकडे येत असतील तर मशीन साधारण बरोबर बघतंय. माझ्या मशीनने ह्या दोन्ही गोष्टींत पहिल्या दिवसापासून त्रास दिला नाही, आणि म्हणूनच बाकी आकड्यांवरही मी डोळे झाकून विश्वास ठेवला.

तिथे घात झाला. साधारण चार महिने माझे वेजचे शॉट घरी कायम डावीकडे जायचे, शंभर यार्डाला अडीच-तीन यार्ड, फार नाही पण न चुकता. दिशा एखाद डिग्री डावीकडे आणि वर परत थोडा ड्रॉ, म्हणजे हवेत आणखी डावीकडे वळणं. ड्रायव्हरमध्ये हे कळायचं नाही, कारण ड्रायव्हरचा फैलावच एवढा असतो की त्यात पाच यार्ड कुठले हरवले पत्ता लागत नाही. मग मी काय केलं, मशीन सांगतंय म्हणजे माझाच क्लबफेस (क्लबचं चेंडूला लागणारं तोंड) बंद होतोय, म्हणजे डावीकडे वळतोय, असं धरून ग्रिप जरा सैल फिरवली, फेस किंचित उघडा ठेवायची सवय लावून घेतली, रोज पन्नास-साठ चेंडू मारून मारून ती अंगात मुरवली, आणि घरी आकडे मस्त सरळ आले. मैदानावर गेलो तर तेच शॉट उजवीकडे. एकदा वाटलं वारा असेल, दुसऱ्यांदा वाटलं चेंडूची जागा उताराची असेल. तिसऱ्यांदा मात्र पोटात गोळा आला, कारण एवढे महिने मी चुकीच्या गोष्टीचा सराव केला होता हे तेव्हा लक्षात आलं. ह्या खेळात अंगात मुरलेलं काढून टाकायला घालण्याच्या दुप्पट वेळ लागतो, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

अ‍ॅपमध्ये लेव्हलला हिरवी टिक होती हो. रोज बघायचो. मशीनच्या आत एक सेन्सर असतो, अ‍ॅक्सेलरोमीटर, तो गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला ओढतंय ते बघून मशीन पुढेमागे किंवा डावीउजवीकडे किती कललंय ते सांगतो. पण त्याला आधी एकदा शिकवावं लागतं की हे बघ, ह्याला सपाट म्हणायचं. मॅन्युअलमध्ये त्याबद्दल जेमतेम दोन ओळी, सपाट पृष्ठभागावर ठेवा आणि झीरो दाबा. सपाट कशावरून ठरवायचं ते नाही. मी ट्रायपॉडबरोबर आलेली छोटी प्लॅस्टिकची पाणसळ घेतली, टेबलावर फळी ठेवली, एका बाजूला पुठ्ठा सरकवून बुडबुडा मधोमध आणला आणि झीरो दाबलं.

दादाने पकडलं हे. तो फर्निचरचं काम करतो, सहज आला होता, त्याला सगळी हकीकत सांगितली तर त्याने पहिलं विचारलं, "पाणसळ उलटी करून बघितलीस का?" मी म्हटलं उलटी म्हणजे? त्याने ती त्याच पुठ्ठा लावलेल्या फळीवर ठेवली, बुडबुडा मधोमध. मग तीच पाणसळ त्याच जागी टोकाची टोकाला फिरवली, डावं टोक उजवीकडे, आणि बुडबुडा सरळ एका कडेला जाऊन चिकटला. "ही खोटी आहे रे," म्हणाला, "फळी सपाट नाहीये, हिची नळीच वाकडी बसलीय." खरी पाणसळ असेल तर उतारावरसुद्धा फिरवल्यावर बुडबुडा खोलीच्या त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसतो. दोन वेळेला वेगळं दिसलं की दोष तिचा. सुताराला, गवंड्याला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे, आणि एवढ्या भारी मशीनच्या मॅन्युअलमध्ये ह्याचा एक शब्द नाही, ह्याचा मला खरंच राग आला.

हीच युक्ती मशीनलाही लागू होते आणि त्यासाठी पाणसळ लागतच नाही. टेबलावर पेन्सिलने मशीनची चौकट आखा, त्यात ठेवून अ‍ॅपमधला मागेपुढे कलण्याचा आकडा लिहून घ्या, मग मशीन अर्धा फेरा फिरवून त्याच चौकटीत ठेवा आणि परत आकडा घ्या. सेन्सर खरा असेल तर दोन्ही आकडे सारखेच येतात, फक्त एक पुढे आणि एक मागे. माझे आले १.३ पुढे आणि १.७ पुढे. दोन्ही पुढे! म्हणजे दोघांची सरासरी १.५ ही सगळी मशीनच्या झीरोची चूक आणि उरलेला ०.२ हा टेबलाचा खरा उतार. मशीन सपाट बसलेलं असताना त्याला वाटत होतं आपण दीड डिग्री पुढे झुकलोय, म्हणून हिरवी टिक आणायला मी त्याला रोज दीड डिग्री मागे कलंडून ठेवत होतो. फोनमधलं लेव्हलचं अ‍ॅप वापरणार असाल तर त्यालाही असंच फिरवून बघा, आणि फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर तो तिरका बसतो.

आता दीड डिग्रीने एवढं काय होतं आणि वेजलाच जास्त का, हे मला समजायला दोन दिवस लागले पण समजलं तेव्हा फार बरं वाटलं. मशीन मागे कललं की त्याच्या लेखी "वर" ही दिशाच बदलते. खरा सरळ वर जाणारा चेंडू त्याला वर आणि थोडा खेळणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डावीकडे जाताना दिसतो. मग चेंडू जितका उंच निघेल तितकी ही डावीकडची चूक मोठी. ३० डिग्रीने निघालेल्या वेजच्या शॉटला दीड डिग्रीच्या कलण्याने दिशेत जवळजवळ ०.९ डिग्रीचा फरक पडतो, १८ डिग्रीने निघालेल्या सेव्हन आयर्नला अर्ध्या डिग्रीचा, आणि १२ डिग्रीच्या ड्रायव्हरला फक्त ०.३ चा. शिवाय स्पिनचा अक्ष सगळ्याच क्लबना पूर्ण दीड डिग्री डावीकडे कललेला दिसतो, म्हणून वर तो जास्तीचा ड्रॉ. माझ्या चार महिन्यांच्या डावीकडच्या वेजचं कोडं ह्या दोन वाक्यांत सुटलं. उलटं वाचलं तर निदानाला फार उपयोगी: तुमची दिशेची चूक क्लब जसा उंच मारणारा तशी वाढत असेल तर मशीन चेंडूच्या बाजूला किंवा उलट बाजूला कललंय, स्विंगला हात लावू नका.

आणि चूक सगळ्या क्लबना सारखीच असेल तर? मग लेव्हलचा काही संबंध नाही, मशीन फिरलेलं आहे, म्हणजे टार्गेट लाइनला (चेंडूपासून निशाणापर्यंतची सरळ रेघ) समांतर नाही. ही तिसरी दिशा सेन्सरला कळतच नाही, कळणं शक्यच नाही, कारण मशीन जागच्या जागी भोवऱ्यासारखं फिरवलं तर गुरुत्वाकर्षण जिथल्या तिथेच राहतं. तरी अ‍ॅपमध्ये टिक हिरवीच दिसते आणि आपण समजतो सगळं झालं. दोन दिशांची खात्री आहे, तिसरीची जबाबदारी पूर्णपणे आपली, हे कंपन्यांनी ठळक अक्षरात लिहायला पाहिजे.

डोळ्याने लावायला जाऊ नका. माझ्या मशीनची पुढची कड साधारण १५ सेंटिमीटरची, तेवढ्याशा कडेला एखादी रेघ जुळवताना एका टोकाला दोन मिलिमीटर चुकलं, आणि चुकतंच, तर पाऊण डिग्रीचा फरक पडतो. दोनशे यार्डाला एक डिग्री म्हणजे साडेतीन यार्ड, त्यावरून हिशोब करा. उपाय सोपा आहे, लांब सरळ पट्टी. मी चार फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली, ती मशीनच्या कडेला चिकटवून ठेवतो आणि पट्टीच्या दोन्ही टोकांपासून टार्गेट लाइनपर्यंतचं अंतर टेपने मोजतो, दोन्हीकडे सारखं आलं की झालं. एवढ्या लांबीवर तेच दोन मिलिमीटर चुकले तरी फरक ०.१ डिग्रीचा, तो सोडून दिला तरी चालतो. टार्गेट लाइन स्वतः सरळ पाहिजे हे ओघाने आलंच, पडदा मॅटशी गुण्यात नसेल तर सगळं मुसळ केरात. गुण्या काढायला ३-४-५ चा त्रिकोण घ्या, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, तिरपं बरोबर पाच आलं की कोपरा काटकोनात. क्रॉस लाइनचा लेझर असेल तर काम लवकर होतं, पण लेझरचीही रेघ ओळंब्याच्या दोऱ्यावर पाडून एकदा तपासा. पाणसळीने जसं फसवलं तसा तोही फसवू शकतो, ओळंबा मात्र नाही, दोऱ्याला दगड बांधलेला असतो बस.

ह्यानंतर पटिंग, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच घरंगळवणं. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण पट जमिनीसरसा जातो, त्यात "वर" जवळजवळ नसतंच, म्हणून मशीन मागेपुढे कललेलं असलं तरी पटची दिशा फारशी बिघडत नाही. म्हणजे पटमध्ये जी चूक दिसेल ती फक्त फिरलेल्या मशीनची. दोन अलाइनमेंट स्टिक, म्हणजे लांब सरळ काड्या, चेंडूच्या रुंदीला जेमतेम जागा ठेवून टार्गेट लाइनवर समांतर टाकतो, मधल्या फटीतून हलकेच पट मारतो, चेंडू काड्यांना न घासता पडद्याच्या मध्याला लागला पाहिजे. असे दहा. दहाची सरासरी शून्याच्या आसपास, ०.२ च्या आत आली की मशीन हलवायचं नाही. माझी पहिल्यांदा थोडी उजवीकडे आली होती, म्हणजे कलण्याची चूक डावीकडे ओढत होती आणि फिरण्याची उजवीकडे, काही क्लबमध्ये दोन्ही एकमेकांना झाकत होत्या. म्हणूनच सेव्हन आयर्न मला बरोबर वाटायचा! हे कळलं तेव्हा मी मॅटवरच मांडी घालून बसलो आणि वहीत सगळं परत मांडून बघितलं. क्रम लक्षात ठेवा, आधी पटने फिरणं काढायचं, मग वेजने कलणं, उलट्या क्रमाने केलंत तर दोन्ही एकमेकांत अडकतात.

शेवटची परीक्षा खडूची, आणि ही मी आता दर महिन्याला घेतो. पडद्यासमोर छताला खिळा मारून ओळंबा सोडायचा, दोरा टार्गेट लाइनवर बरोबर यावा, मग पडद्यावर त्या दोऱ्याची रेघ आखून ओळंबा काढून ठेवायचा. चेंडूला रंगीत खडू सगळीकडून चोळायचा, सगळीकडून म्हणजे खरंच सगळीकडून, कारण सेव्हन आयर्नचा चेंडू तीन मीटरवरच्या पडद्यापर्यंत पोचेस्तोवर सात-आठ वेळा स्वतःभोवती फिरतो, एका बाजूला लावलेला खडू पडद्याला लागेलच असं नाही. शॉट मारला की पडद्यावर रुपयाएवढा धुरकट ठिपका उमटतो. त्याची रेघेपासूनची आडवी दूरी आणि चेंडूपासूनची उंची टेपने मोजायची. तीन मीटरला पाच सेंटिमीटर म्हणजे साधारण एक डिग्री, एवढं लक्षात ठेवलं की दिशेचं गणित तोंडी होतं. उंचीला कॅल्क्युलेटर लागतो, उंची भागिले अंतर करून टॅनचं उलटं बटण, १०९ सेंटिमीटरवर ठिपका असेल तर २० डिग्री. गुरुत्वाने चेंडू तेवढ्या वेळात दोनेक सेंटिमीटर खाली येतो, ती धरली तर उत्तम, सोडलीत तरी अर्ध्या डिग्रीच्या आतलाच फरक. त्या शॉटचा स्पिन मात्र बघू नका, खडूने माखलेला चेंडू कॅमेऱ्याला नीट दिसत नाही.

पहिल्या खडूच्या दिवशीचा एक शॉट अजून वहीत आहे: वेज, मशीन म्हणतं १.१ डावीकडे, आणि ठिपका रेघेच्या डावीकडे फक्त एक सेंटिमीटर, म्हणजे ०.२. फरक ०.९. वर सांगितला तोच आकडा. कागदावरचं गणित आणि पडद्यावरचा ठिपका असे एकमेकांना येऊन भेटले तेव्हा जो आनंद झाला तो मला एखाद्या चांगल्या राउंडनंतरसुद्धा क्वचित झालाय.

आता लेव्हलिंग प्लेटबद्दल, कारण मशीनइतकंच महत्त्व मी तिला देतो. मशीन फोमच्या मॅटवर ठेवू नका, फोम दबतो, प्रत्येक शॉटच्या हादऱ्याने आणखी बसतो, पन्नास शॉटनंतर आकडा हललेला असतो. मशीन खालच्या पक्क्या जमिनीवर, पण जमीन आणि मॅटचा वरचा थर ह्यात दीड-दोन इंचाचा फरक असतो आणि मशीनची बूड चेंडू जिथे ठेवतो त्या थराच्या पातळीत हवी, नाहीतर ते चेंडूकडे खालून बघत राहतं. म्हणून मधे प्लेट. मी घेतलेली चार पायांची होती, ती परत केली, चार पायांतला एक नेहमी अधांतरी राहतो आणि प्लेट डुगडुगते. तीन पाय कधीच डुगडुगत नाहीत. दुसरी, तीन स्क्रूची, तिला एम ६ चे स्क्रू आहेत, एका पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर वरखाली. पाय एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर, म्हणजे एक फेरा जवळजवळ ०.३ डिग्री आणि पाव फेरा ०.०७. इतकं बारीक हातानं सावकाश फिरवता येतं, कागदाच्या घड्या सारत बसण्यापेक्षा हजारपट बरं. प्लेटला पाचपैकी पाच. जमली तर जाड प्लायवूडची घरीही करता येते, नट प्लायमध्ये ठोकून बसवायचे.

जमिनीबद्दल थोडं. गॅरेजमध्ये सेटअप लावणार असाल तर तिथली फरशी बहुतेक वेळा पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम उताराची असते, मीटरला एक सेंटिमीटर उतार म्हणजे ०.६ डिग्री. मशीन गुरुत्वाला धरून सपाट केलंत तर आकडे बरोबर येतील, पण मॅट उतारावरच राहिली तर तुम्ही रोज चढावर किंवा उतारावर उभं राहून सराव करणार, त्याला मशीन काही करू शकत नाही. आधी मॅट सपाट करा, मग मशीन.

झीरो करायच्या आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. गार असतानाचा आणि गरम झाल्यावरचा सेन्सरचा आकडा थोडा वेगळा असतो, माझ्याकडे ०.२ पर्यंत फरक दिसलाय. उजेडाचं म्हणाल तर कॅमेरावाल्या मशीनना थेट ऊन आणि पिवळे जुने बल्ब चालत नाहीत, त्यांच्यातून इन्फ्रारेड फार येतं, एलईडी लावले की प्रश्न मिटतो.

माझ्या मित्राकडे रडारवालं आहे, चेंडूच्या मागे सहा-आठ फुटांवर ठेवायचं. त्याला कॅलिब्रेशनचं दुखणं वेगळं. तिथे लेव्हल म्हणजे बाजूंना शून्य, पण मागेपुढे शून्य नाही, काही मॉडेल मुद्दाम दहा-बारा डिग्री मागे कलवून ठेवायची असतात, तो आकडा अ‍ॅप सांगतं. फिरण्याची चूक तिथेही तेवढीच महागात पडते, गंमत म्हणजे वेग मात्र बिघडत नाही, पाच डिग्री वाकडं ठेवलं तरी वेगात फरक ०.४ टक्के, म्हणून वेग बरोबर आहे म्हणजे मशीन सरळ आहे असं त्यावरून ठरवता येत नाही. त्याच्याकडे स्पिन मधेच वेडावाकडा यायचा, शेवटी पंखा आणि जुनी ट्यूबलाइट बंद केल्यावर थांबलं, रडार हलणाऱ्या सगळ्याच गोष्टी ऐकतं आणि ट्यूबलाइटही त्याला गोंधळात टाकते. घरात स्पिन नीट यावा म्हणून चेंडूला धातूची टिकली चिकटवावी लागते ती वेगळी. जागा खोल नसेल तर रडारच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सेटिंग सगळेच विसरतात, उंची आणि तापमान. कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जितकं अंतर जातो ते, हे गणित असल्यामुळे हवा किती दाट धरली त्यावर अवलंबून असतं, समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवा जवळजवळ १४ टक्के विरळ असते आणि चेंडू लांब जातो. तुम्ही प्रत्यक्षात खेळता तिथली उंची टाका, नाहीतर मैदानावर क्लब निवडताना फसाल.

मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा कापला तो लेव्हल दाखवणाऱ्या स्क्रीनसाठी. टिक किती डिग्रीच्या आत हिरवी होते ते कुठेही लिहिलेलं नाही, माझ्या मोजणीत एका डिग्रीपर्यंत हिरवीच राहते, खरा आकडा बघायला तीन मेनू आत जावं लागतं, आणि झीरो करताना फिरवून दोन रीडिंग घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये दहा ओळींची असेल, ती द्या एवढीच विनंती मी त्यांना दोनदा लिहून पाठवली. उत्तर नम्र आलं, बदल अजून आलेला नाही. बाकी मशीनवर माझा जीव आहे. फेस उघडा ठेवायची ती सवय मोडायला मला सहा आठवडे लागले, आणि तीही ह्याच मशीनसमोर, खडू आणि ओळंबा लावून मोडली.

प्लेट घ्याल तेव्हा स्क्रूंना खालून लॉकनट आहेत का बघा. माझ्या पहिल्या महिन्यात नव्हते, हादऱ्याने एक स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आपोआप फिरत गेला, आणि पटचा आकडा हलला नसल्यामुळे वेज मारेपर्यंत ते कळलं नाही.